अँकीवर जर्मन शब्द: कार्ड कसं बनवायचं, रोज किती घ्यायचे, आणि डोंगर साचला तर काय करायचं

पोपटपंची
जर्मनची ए२ पातळी झालीय, ग्योटं इन्स्टिट्यूटची पुढची, बी१ पातळीची परीक्षा पाच महिन्यांनी द्यायची आहे. फोनवर अँकीड्रॉइड (शब्दांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा विचारणारं अँकी अ‍ॅप) टाकलंय आणि एक तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेतलाय. त्यात एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अर्थ. रोजचे नवीन शब्द २० ठेवलेत. तीन अडचणी आहेत:
१) अर्थ आठवतो, पण डेर-डी-डास (नामाचं लिंग दाखवणारं आर्टिकल) आठवत नाही.
२) रोजची उजळणी २०० वर गेली आहे आणि रोज तेवढीच दिसते, कमी होतच नाही.
३) काही शब्द कितीही वेळा आले तरी डोक्यात बसत नाहीत.
सेटिंगमध्ये काय बदलू? की डेकच बदलू?

राइनकाठ
डेक बदला. तयार डेकमध्ये वाईट काही नसतं, पण तो तुमच्यासाठी बनवलेला नसतो. पहिली अडचण तर सरळ कार्डाच्या रचनेची आहे. कार्डावर 'टिश' एवढंच असेल आणि मागे 'टेबल', तर मेंदू तेवढीच जोडी पाठ करणार. आर्टिकल विचारलंच नाही, मग ते कुठून येणार?

नामाच्या कार्डाचे माझ्या मते किमान एवढे रकाने हवेत: जर्मन शब्द, लिंग, पूर्ण अनेकवचन, मराठी अर्थ, एक छोटं वाक्य, आवाज. पुढच्या बाजूला मराठी अर्थ किंवा चित्र. उत्तर म्हणून तुम्ही मोठ्याने म्हणायचं: 'डेर आप्फल, डी एप्फल'. आर्टिकल चुकलं की 'अगेन' दाबायचं, अर्थ बरोबर असला तरीही. इथे दयामाया नको.

(शब्द इथे देवनागरीत लिहितोय ते वाचायला सोपं म्हणून. कार्डावर मात्र कायम जर्मन अक्षरांतच लिहा. कुत्र्याला जर्मन म्हणतात 'हुंट', लिहितात मात्र शेवटी 'ड'चं अक्षर, आणि अनेकवचनात तो 'ड' ऐकूही येतो: 'हुंडं'. देवनागरीत 'हुंट' लिहून पाठ केलंत तर लेखी परीक्षेत स्पेलिंग चुकणार आणि अनेकवचनही.)

अनेकवचन नसलेल्या शब्दाचा रकाना रिकामा ठेवू नका. 'डास फीबर', म्हणजे ताप, याला अनेकवचन नाही. तिथे 'फक्त एकवचन' असं लिहा. नाहीतर दोन महिन्यांनी कळत नाही की अनेकवचन नाहीये की भरायचं राहिलंय.

वर्गशिक्षिका
राइनकाठ यांना +१. त्यात थोडी भर.

मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून आपल्याला जर्मन लिंग सोपं जाईल असं वर्गात बऱ्याच जणांना वाटतं. कल्पना समजायला सोपी जाते हे खरं, पण शब्दागणिक ती आडवीही येते. पुस्तक ते, डास बूख, जुळलं. चंद्र तो, डेर मोंट, जुळलं. सूर्य मात्र तो आणि जर्मनमध्ये डी झोनं. टेबल ते, पण डेर टिश. मुलगी ती, पण डास मेटशन. अशा न जुळणाऱ्या शब्दांना 'उलटं' असा टॅग लावा आणि आठवड्यातून एकदा कस्टम स्टडीमध्ये तेवढेच काढून बघा. मूर्त वस्तू असेल तर पुढच्या बाजूला मराठी शब्दाऐवजी चित्र टाका, म्हणजे मराठी लिंग मध्ये येतच नाही.

दुसरं, प्रत्येक नामाचं लिंग पाठ करायची गरज नाही. शेवट बघा. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -टेट आणि -इओन असलेली नामं डी. -शन आणि -लाइन हे लघुत्वदर्शक शेवट असले की डास. -लिंग आणि -इस्मुस असले की डेर. 'डी त्साइटुंग'चं लिंग वेगळं घोकण्यात वेळ घालवू नका. लिहिताना 'e' अक्षराने संपणारी बहुतेक नामं डी असतात, पण तिथे अपवाद रोजच्या वापरातलेच आहेत: डेर नामं, डेर केझं, डास एंडं, डास आउगं. अपवादांची कार्डं बनवा, नियमाची नको.

कोष्टक
दुसऱ्या अडचणीचं गणित मांडतो.

'रोज २० नवीन' यात २० कार्डं असतात, २० शब्द नव्हेत. नोट (एका शब्दाची सगळी माहिती) आणि कार्ड (त्यातून विचारलेला एक प्रश्न) या अँकीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका नोटमधून जर्मन→मराठी आणि मराठी→जर्मन अशी दोन कार्डं निघत असतील, तर २० कार्डं म्हणजे १० शब्द. ढोबळ हिशोब असा की काही आठवड्यांनी रोजची उजळणी नवीन कार्डांच्या सात ते दहा पट होते. २० नवीन म्हणजे १४० ते २००. एका कार्डाला ८ सेकंद धरले तर २०० कार्डांना जवळपास २७ मिनिटं, शिवाय नवीन कार्डांचा वेळ वेगळा.

आता तुमच्याकडे आकडा २०० वर अडकलाय त्याचं कारण वेगळंच आहे. रोजच्या उजळणीची मूळ मर्यादाच २०० असते. खरी थकबाकी ३५० असली तरी स्क्रीनवर २०० दिसणार. दुसऱ्या दिवशी नवी भर पडून पुन्हा २००. त्यामुळे 'कमी होतच नाही' असं वाटतं. डेक ऑप्शन्समध्ये जाऊन ही मर्यादा थोडा वेळ ९९९९ करा आणि खरा आकडा बघा. घाबरू नका, फक्त बघा.

मग क्रमाने हे करा:
– नवीन कार्डं ० वर आणा. थकबाकी निघेपर्यंत एकही नवीन नको.
– मर्यादा तुमच्या वेळेला झेपेल अशी ठेवा. अर्धा तास असेल तर १८० ते २००.
– एफएसआरएस (अँकीचं नवं वेळापत्रक) चालू करा. डेक ऑप्शन्सच्या पानावरच त्याचं बटण आहे. त्यानंतर 'ऑप्टिमाइझ' दाबा. महिन्यातून एकदा पुन्हा दाबलं तरी पुरे.
– उजळणीचा क्रम 'डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी' करा. जे अजून आठवण्याची शक्यता जास्त ते आधी येतं, म्हणजे वाचवता येणारी कार्डं आधी वाचतात. पूर्ण विसरलेली तशीही नव्यानेच शिकायची आहेत, ती दोन दिवस थांबली तर बिघडत नाही.

पोपटपंची
धन्यवाद! एफएसआरएस म्हणजे नक्की काय? आणि डिझायर्ड रिटेन्शन (उजळणीच्या वेळी किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण) ०.९० आहे, ते ०.९७ केलं तर परीक्षेसाठी बरं ना?

कोष्टक
अँकी २००६ पासून आहे. त्याचं जुनं वेळापत्रक १९८७ च्या एसएम-२ पद्धतीवर बेतलेलं. त्यात प्रत्येक कार्डाला एक 'ईझ' असतो (सोपेपणाचा आकडा, त्यावर पुढच्या उजळणीचं अंतर ठरतं), सुरुवातीला २५० टक्के. 'अगेन' दाबलं की २० ने कमी, 'हार्ड' दाबलं की १५ ने कमी, तळ १३० टक्के. 'गुड' दाबून तो वर येत नाही, त्यासाठी 'ईझी'च दाबावं लागतं. त्यामुळे सुरुवातीला अडखळलेली कार्डं नंतर पाठ झाली तरी सारखी सारखी येत राहतात. २०२३ च्या शेवटी अँकीत एफएसआरएस आलं. ते तुमच्या आजवरच्या उजळणीवरून अंदाज बांधतं की हे कार्ड विसरण्याची वेळ कधी येईल.

०.९७ अजिबात करू नका. ०.९० वरून ०.९५ केलं तरी प्रत्येक कार्डाच्या दोन उजळण्यांमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं, म्हणजे काम जवळपास दुप्पट. ०.९७ ला त्याहून बिकट. बी१ साठी ०.९० उत्तम. डोंगर साचला असेल तर काही काळ ०.८५ सुद्धा चालेल.

एक गोष्ट मात्र पाळायलाच हवी: विसरलात तर 'अगेन'च. 'हार्ड' म्हणजे 'आठवलं, पण कष्टाने'. बरेच जण विसरल्यावर लाज राखायला 'हार्ड' दाबतात. एफएसआरएस त्याला 'आठवलं' असंच मोजतं, मग सगळाच अंदाज बिघडतो आणि शिव्या अ‍ॅपला पडतात. खरं तर दोनच बटणं वापरली तरी भागतं, 'अगेन' आणि 'गुड'.

आणि हो, एका नोटमधली दोन्ही कार्डं एकाच दिवशी यायला नकोत. सकाळी 'टिश' बघून पाच मिनिटांनी 'टेबल' विचारलं तर कोणीही सांगेल. डेक ऑप्शन्समध्ये 'बरी' (Bury) या भागातली सिब्लिंग्जची, म्हणजे एकाच नोटच्या भावंड कार्डांची, सगळी बटणं चालू करा.

चहाबाज
एवढं सगळं करण्यापेक्षा कागदी कार्डं आणि चपलांच्या खोक्यात पाच कप्पे. लाइटनर पद्धत, १९७० च्या दशकातली, तीही एका जर्मन भाषिकानेच लोकप्रिय केलेली. बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पहिल्यात. बॅटरी लागत नाही, नोटिफिकेशन येत नाही.

राइनकाठ
चहाबाज, ए१ पर्यंत तुमचं म्हणणं बिनतोड आहे. ग्योटंची ए१ ची यादी साधारण ६५० शब्दांची. तेवढं खोक्यात मावतं. ए२ ला साधारण १३००, बी१ ला २४०० च्या आसपास. २४०० चिठ्ठ्यांत आज कोणत्या काढायच्या हे हाताने ठरवणं कटकटीचं होतं. शिवाय कागदाला आवाज नसतो. स्वतःच्या हाताने शब्द लिहिण्याचा फायदा मात्र खरा आहे. म्हणून नवीन शब्द आधी वहीत, वाक्यासकट, आणि संध्याकाळी तिथून अँकीत. वहीत न उतरलेला शब्द अँकीत टाकायचाच नाही असा नियम केला तर नको ते शब्दही गाळले जातात.

चहाबाज
हे पटलं. खोकं चपलांना परत करतो.

वर्गशिक्षिका
क्रियापदांबद्दल कोणी बोललं नाही, आणि बी१ ला खरी दमछाक तिथेच होते.

तुटणारी क्रियापदं (ज्यांचा पहिला तुकडा वाक्यात शेवटी जातो) सुटी पाठ करू नका. 'आनफांगन = सुरू होणे' असं कार्ड असेल तर वाक्यात 'आन' शेवटी टाकायचं राहून जातं. क्लोझ प्रकारचं, म्हणजे गाळलेल्या जागांचं कार्ड करा: 'डेर कुर्स ____ उम नॉइन उअर ____.' यात 'फेंग्ट' आणि 'आन' दोन्ही गाळायचे, आणि दोन्ही गाळलेल्या जागांना *एकच* क्रमांक द्यायचा, म्हणजे दोन्हीकडे सी१. अँकी आपणहून दुसऱ्या जागेला सी२ देतं. मग दोन कार्डं तयार होतात, आणि पहिल्या कार्डात 'आन' उघडा दिसतो, दुसऱ्यात 'फेंग्ट'. एकाने दुसऱ्याचं उत्तर सांगितलं, परीक्षा संपली. खाली कंसात मराठी अर्थ सूचना म्हणून ठेवा. शिवाय 'आ ने सुरू' असंही लिहा, कारण 'बेगिनन' हेही बरोबर उत्तर होऊ शकतं, आणि बरोबर उत्तर देऊन 'अगेन' दाबण्याइतकं वैतागवाणं काही नाही.

शब्दयोगी जोडून येणाऱ्या क्रियापदांना (वार्टन आउफ, डेंकन आन, टाइलनेमन आन) उदाहरणात नाम नेहमी पुल्लिंगी घ्या. 'इश वार्टं आउफ डेन बुस' यात 'डेन' दिसलं की अकुझाटिव (कर्माची विभक्ती) आहे हे कळतं. त्याऐवजी 'आउफ डी श्ट्रासनबान' घेतलंत तर 'डी' हे नॉमिनाटिवमध्येही (कर्त्याच्या विभक्तीत) तेच आणि अकुझाटिवमध्येही तेच, म्हणजे कार्डाने विभक्ती शिकवलीच नाही. 'आउफ' आणि 'डेन' दोन्ही एकत्र गाळा.

आणि मराठी 'ला'वर विसंबू नका. 'मी त्याला बघतो', 'मी त्याला मदत करतो', दोन्हीकडे 'त्याला'. जर्मनमध्ये 'झेहन' अकुझाटिव घेतं आणि 'हेल्फन' डाटिव (चतुर्थीसारखी विभक्ती). डाटिव घेणारी क्रियापदं थोडीच आहेत: हेल्फन, डांकन, गेफालन, गेहोरन, आंटवोर्टन, फोल्गन, पासन, श्मेकन. एवढी आठ तरी वेगळ्या टॅगखाली ठेवा. प्रत्येकाचं वाक्य 'डेम' किंवा 'ईम' असलेलं.

भूतकाळासाठी 'फेर्ट – फूर – इस्ट गेफारन' अशी तिन्ही रूपं एकाच कार्डावर मागू नका. एक चुकलं की तिन्ही पुन्हा. 'इस्ट गेफारन'चं वेगळं कार्ड करा, कारण बोलण्यात तेच लागतं, आणि 'इस्ट' की 'हाट' हाच तिथला खरा प्रश्न असतो.

राइनकाठ
तिसरी अडचण, न बसणारे शब्द. अँकीत यांना 'लीच' म्हणतात, म्हणजे जळू. ठरावीक वेळा चुकलं, मूळ सेटिंगमध्ये ८, की कार्डाला तो टॅग लागतो. ब्राउझरमध्ये या टॅगने शोधा आणि यादी नीट वाचा. जवळजवळ नेहमी जोड्या किंवा त्रिकुटं सापडतात: बेझूखन (भेट देणे), फेरझूखन (प्रयत्न करणे), उंटरझूखन (तपासणे). शब्द अवघड नसतो, शेजारी अवघड असतात. त्यातले दोन सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरते थांबवा. एक पक्का होऊ द्या. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा सोडा, तोही वेगळ्या वाक्यात: डॉक्टर *तपासतात*, पाहुणे *भेट देतात*. तिन्ही एकत्र घोकण्याचा हट्ट केला तर तिन्ही जातात.

तरीही नाही बसला तर काढून टाका. २४०० तला एक शब्द गेल्याने कोणी नापास होत नाही.

सोलापूरकर
एक तांत्रिक. एक्सेलमध्ये ९०० शब्द भरले होते. आयात केल्यावर मराठी सगळं प्रश्नचिन्हं, अनेकवचनाच्या रकान्यात 'नेम'ची एरर, आणि ४ शब्द गायब. काय चुकलं?

कोष्टक
तिन्ही ओळखीचे रोग.

प्रश्नचिन्हं: साध्या सीएसव्हीत जतन केलंत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. लिब्रे ऑफिसमध्ये जतन करताना यूटीएफ-८ आणि विभाजक म्हणून टॅब निवडता येतो. वाक्यांत स्वल्पविराम असतातच, म्हणून टॅबच बरा.

एरर: अनेकवचन कोशातल्यासारखं '-एन' असं आडव्या रेघेने लिहिलंत. एक्सेलला वाटतं सूत्र आहे. रकाना आधी 'टेक्स्ट' करा. त्याहून चांगलं म्हणजे अनेकवचन पूर्ण लिहा. कार्डावर '-एन' बघून काही बोलता येत नाही.

गायब शब्द: अँकी पहिल्या रकान्यावरून ठरवतं की नोट आधीच आहे का. पहिला रकाना सारखा असेल तर जुन्या नोटवर नवी माहिती चढते. 'डी बांक' दोनदा असेल बघा. एक बाकडं, अनेकवचन बेंकं. दुसरी पैसे ठेवायची बँक, अनेकवचन बांकन. दुसरीने पहिलीला खाल्लं. उपाय असा की पहिला रकाना फक्त अनुक्रमांकाचा ठेवा आणि तो कार्डावर दाखवूच नका. पुढे चुका दुरुस्त करून तीच फाइल पुन्हा आयात केली की त्या-त्या नोटा सुधारतात, उजळणीचा इतिहास तसाच राहतो.

सोलापूरकर
बांकच होती! उरलेल्या तीन शोधतो. ग्योटंच्या पीडीएफमधून थेट कॉपी-पेस्ट करता येईल का?

कोष्टक
येईल, पण शब्द आणि वाक्यं एकमेकांत घुसतात, निस्तरण्यात दिवस जातो. बी१ च्या यादीत जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड यांचे वेगवेगळे शब्दही खुणा करून दिलेत. तिथला एकच निवडा, तुम्ही जाणार असाल त्या देशाचा. बाकीचे फक्त ओळखता आले तरी पुरे, म्हणजे जर्मन→मराठी एवढं एकच कार्ड.

आवाजासाठी प्रत्येक शब्दाची ध्वनिफीत शोधत बसू नका. कार्डाच्या टेम्प्लेटमध्ये टीटीएसचा (लिहिलेलं वाचून दाखवण्याचा) टॅग टाकून त्यात जर्मन भाषेचा संकेत दिला की फोन स्वतः वाचतो. त्यासाठी फोनच्या सेटिंगमधून जर्मन आवाज उतरवून घ्यावा लागतो. तो नसेल तर एकतर काहीच ऐकू येत नाही किंवा इंग्रजी आवाज जर्मन वाचतो, जे न ऐकलेलं बरं. आवाज मागच्या बाजूलाच ठेवा.

रंगांचंही तसंच. डेर निळा, डी लाल, डास हिरवा, हे छान आहे, पण पुढच्या बाजूला रंग दिसला तर उत्तरच दिसलं.

पोपटपंची
सगळ्यांचे आभार. मग पाच महिन्यांचा हिशोब असा धरते: ए२ चे शब्द येतात, उरले ११००. रोज १० शब्द, ११० दिवस. बरोबर?

वर्गशिक्षिका
रोज १० शब्द दोन्ही बाजूंनी म्हणजे २० कार्डं, आत्ता आहेत तितकीच. आणि थकबाकी काढण्यात दोन आठवडे जातील ते धरा. सगळे ११०० दोन्ही बाजूंनी नकोत. लेखन आणि संभाषणात वापराल असे निम्मे दोन्ही बाजूंनी, उरलेले फक्त ओळखण्यापुरते. म्हणजे दिवसाला १५ च्या आसपास कार्डं. परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवीन बंद. त्या दिवसांत वाचलेला वेळ लेखनाला द्या. बी१ ला चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि लेखनात ६० मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात. तिथे अँकी मदतीला येत नाही.

नवखा७७
मध्येच विचारतो. अँकीच्याच नावाची तीन-चार अ‍ॅप्स दिसतात, कुठलं खरं? आणि लॅपटॉपवर बनवलेली कार्डं फोनवर कशी आणायची?

कोष्टक
अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड, फुकट. आयफोनवर अँकीमोबाइल, एकदाच पैसे. संगणकावर अँकी, फुकट. मिळत्याजुळत्या नावांची बाकीची अ‍ॅप्स वेगळ्या लोकांची आहेत, त्यांचं अँकीवेबशी (अँकीच्या सर्व्हरशी) सिंक होत नाही.

अँकीवेबवर खातं काढा, लॅपटॉपवर सिंक दाबा, मग फोनवर. पहिल्या वेळी कधी कधी विचारलं जातं, 'अपलोड की डाउनलोड?' ज्या यंत्रावर कार्डं आहेत तिथे अपलोड, रिकाम्या यंत्रावर डाउनलोड. रिकाम्या फोनवर अपलोड दाबलंत तर सर्व्हरवरचं सगळं पुसलं जातं. ते दाबण्याआधी लॅपटॉपवर फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून पूर्ण संग्रहाची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, मीडियासकट. मीडियाची खूण राहिली तर परत आणल्यावर चित्रं आणि आवाज येत नाहीत.